कोपऱ्यातली ऊती

फिनलंडमधल्या ताम्पेरेच्या प्रक्षेपण केंद्रात तार्मोइतका एच.२६४चा भक्त दुसरा नव्हता. चित्र दाबून लहान करायची ही रीत. कॅमेऱ्यात साठवायचं असो की हवेतून पाठवायचं, जिकडे तिकडे तीच. जे हललं नाही ते पुन्हा पाठवायचंच नाही, हललं तेवढंच सांगायचं. जुन्या रीतीच्या निम्म्या जागेत तेच चित्र बसतं याचं तार्मोला अजून अप्रूप वाटे, आणि ते रास्तच होतं.

सोमवारपासून सगळ्या वाहिन्या तिच्यावर जाणार होत्या. घोडं अडलं होतं एका चौकटीपाशी. पडद्याच्या कोपऱ्यात ऊती कर्णबधिरांसाठी खुणांच्या भाषेत बातम्या सांगायची. वाट्याला आलेल्या डेटाच्या चिमूटभर जागेत ती नीट वाचता आली नाही, तर चौकट बंद, असं साहेबांनी बजावलं होतं.

निकाल द्यायला सत्तरीच्या, जन्मापासून कर्णबधिर सिर्काबाई आल्या. तार्मोनं होती नव्हती ती जागा ऊतीच्या बोटांना दिली होती. अंगठीवरचा ओरखडासुद्धा दिसत होता. सिर्काबाईंनी दोन मिनिटं पाहिलं, हातातला पाव संपवला आणि भराभर खुणा केल्या. स्टुडिओतून बाहेर आलेली ऊतीच दुभाषी.

"म्हणतायत, बोटांकडे बघतं कोण? आम्ही तोंडाकडे बघतो, बोटं आपोआप दिसतात. आणि माझं तोंड म्हणे उकडलेल्या बटाट्यासारखं दिसतंय."

तार्मो ओशाळला. वीस वर्षं चित्रं दाबली, पण बघणारा कुठे बघतो हे त्यानं कधी कुणाला विचारलंच नव्हतं. त्यानं ऊतीमागचा भुरभुरत्या बर्फाचा देखावा काढला आणि साधा निळा पडदा लावला.

"साहेबांचा लाडका बर्फ आहे तो. चिडतील," ऊती म्हणाली.

"चिडू देत. कण न् कण हलतो, सगळी जागा तोच खातो. पडदा गप्प बसेल. उरेल ते तुझ्या तोंडाला."

"म्हणजे माझं तोंड बर्फाच्या उष्ट्यावर."

दुसऱ्या खेपेला सिर्काबाई पडद्याजवळ सरकून बसल्या. बातम्या संपल्या, ऊती बाहेर आली. सिर्काबाईंनी तिला काहीतरी थोडक्यात विचारलं.

तार्मो तपासणीचं पत्रक घेऊन पुढे झाला. "काय म्हणतायत? वाचता आलं ना?"

"विचारतायत," ऊती सावकाश म्हणाली, "आज सकाळी रडलीस का म्हणून."

तार्मो सकाळपासून तिच्याबरोबरच होता, पण त्याला काही दिसलं नव्हतं. त्यानं पत्रकावर 'वाचता येतं' असं लिहिलं, आणि मग पडदा सोडून ऊतीच्या तोंडाकडे पाहिलं.