ज्याची त्याची मूठ

वरून आधी बूट आले. मग पोटऱ्या, मग गुडघे, मग मांड्या. आणि मग काहीच आलं नाही.

लिफ्ट दोन मजल्यांच्या मधोमध थांबली होती आणि आत एक आजीबाई अडकल्या होत्या. अशा वेळी लिफ्टच्या टपावरच्या झडपेतून मेकॅनिक आत उतरतो आणि दार सरकवून माणसाला बाहेर काढतो, हे त्यांना ठाऊक होतं. पण तो असा हप्त्याहप्त्यानं येतो, हे ठाऊक नव्हतं. लोंबकळणाऱ्या बुटांकडे बघत त्यांनी विचारलं, "उरलेले कधी येणार?"

"श्वास सोडा दादा, श्वास सोडा!" टपावरून रेडिओ ओरडत होता. रेडिओ म्हणजे त्याचा कामावरचा जोडीदार. एकदा सुरू झाला की बंद करायचं बटण सापडत नाही, म्हणून रेडिओ.

"सोडलाय रे! आता जीव तेवढा सोडायचा राहिलाय."

शेवटी आजींनी खालून छत्रीच्या टोकानं ढोसलं, रेडिओनं वरून काखेत हात घालून ओढलं, आणि बाटलीचं बूच निघावं तसा तो वर निघाला. शर्टाची दोन बटणं टपटप लिफ्टमध्ये पडली. मग रेडिओच झडपेतून सुळकन खाली गेला आणि त्यानं आजींना बाहेर काढलं. जाताना आजींनी बटणं परत पाठवली. म्हणाल्या, "घरी लावून घ्या. पण काजं जरा लांब करा."

गंमत अशी, की झडपेत अडकलेल्या या माणसाला अख्खं खातं 'सुई' म्हणायचं. ऐन पंचविशीत तो अंगानं इतका शेलाटा होता की जिथे हात जाणार नाही तिथे हा अख्खा जायचा. लिफ्टच्या विहिरीत, दोरांच्या आणि भिंतीच्या मधल्या अंधारात, तो घरातल्यासारखा वावरायचा. नाव तेव्हाचं होतं. माणूस वाढत गेला, नाव तेवढंच राहिलं.

"सुईची दाभण झाली," दुसऱ्या दिवशी खात्यात कोणीतरी म्हणालं.

"दाभण कसली? मुसळ!" दुसऱ्यानं दुरुस्ती केली.

तोही हसला. सगळ्यांपेक्षा मोठ्यांदा हसला. मग साहेबांनी आत बोलावलं. साहेब वयानं लहान, त्याला काका म्हणायचे.

"काका, मी हसत नाहीये," साहेब म्हणाले. "काल आजींच्याऐवजी आत कोणी छातीत दुखणारा माणूस असता तर? टपावर नाही, खाली खड्ड्यात नाही. वार्षिक तपासणीपर्यंत ऑफिसात बसा आणि तक्रारींचे फोन घ्या. तपासणीच्या दिवशी झडपेतून उतरलात तर तुमची टोळी तुमची. नाही उतरलात, तर मग फोनच."

आणि त्यांनी हात पुढे केला. किल्ली मागायला. लिफ्टची दारं बाहेरून उघडायची ती तिकोनी किल्ली गेली कित्येक वर्षं त्याच्या कमरेला असायची. ती काढून दिली तेव्हा त्याला उगाचच पँट सैल झाल्यासारखी वाटली. झाली मात्र नव्हती.

घरी बायकोनं सगळं ऐकून घेतलं. बटणं लावता लावता आजींच्या छत्रीपाशी ती खुदकन हसली, आणि किल्लीपाशी तिचा हात थांबला. ती एका लाँड्रीत चादरींना इस्त्री करायची. उभं राहून राहून तिचेही गुडघे बोलायला लागले होते.

"अहो, पण तुम्ही खाता तरी काय एवढं?" ती म्हणाली. "जे मी करते तेच ना?"

"तेच तर," तो म्हणाला. पण त्या 'तेच तर'मध्ये केवढं काय दडलंय, हे तेव्हा दोघांनाही कळलं नाही.

पहिला उपाय रेडिओनं सुचवला. उकडलेला कोबी. सकाळी कोबी, दुपारी कोबी, संध्याकाळी चव बदलायची म्हणून गार कोबी. "माझ्या साडूचं पार चिपाड झालं," रेडिओ म्हणाला. तो साडू पुढे दवाखान्यात दाखल झाला, हे त्यानं नंतर सांगितलं.

आठवडाभरात काटा झरझर खाली आला आणि डोकं सरसर वर गेलं. एका बाईनं फोनवर विचारलं, "लिफ्ट बंद आहे, आम्ही करायचं काय?" तर हा म्हणाला, "जिन्यानं जा! तेवढंच वजन उतरेल." त्या तक्रारीवर आणखी एक तक्रार आली. त्याच आठवड्यात हिशेबनिसाच्या निरोपाचा केक आला. सगळे टाळ्या वाजवायला बाहेरच्या खोलीत जमले आणि हा केक आणि सुरी आणायला आत गेला. परत आला तेव्हा सुरी होती, केक अर्धा होता, आणि मिशीला मलई होती. हिशेबनीस बिचारा सज्जन. म्हणाला, "असू दे, माझा निरोप जरा लवकर झाला."

महिनाअखेरीला वजन होतं तिथेच परत आलं, वर थोडं व्याज घेऊन.

"जाऊ दे," तो बायकोला म्हणाला. "फोन तर फोन. बसून पगार मिळतोय."

ती चादर घडी करत होती. त्याच्याकडे न बघताच म्हणाली, "लिफ्ट फार वेगानं खाली यायला लागली तर काय होतं हो?"

"खालचा ब्रेकचा जबडा आवळतो. रुळाला गच्च धरतो. लिफ्ट जिथे असेल तिथे अडकते."

"मग?"

"मग काय मग?"

"मग तुम्ही काय केलंत कोबी खाऊन?"

जगभरच्या लिफ्टा हळू उतरवणारा माणूस स्वतःला मात्र दोर कापून खाली सोडत होता.

मग तो दवाखान्यात गेला. तिथली नर्स एका वाक्यात तीन कामं करणारी होती. रक्तदाब घेता घेता म्हणाली, "हे बघा, वर्षभर खाता येईल असंच काहीतरी खा. आठ दिवसांचा संन्यास नको. अर्धं ताट भाज्या, पाव ताट डाळ नाहीतर अंडी, पाव ताट भात. चहात साखर कमी. सावकाश चावा, रोज चाला, आणि पोट 'पुरे' म्हणालं की ऐका."

"पोट पुरे म्हणतं हो," तो म्हणाला, "पण पातेलं म्हणत नाही."

नर्स हसली आणि तिनं पुढच्या पेशंटला हाक मारली. पण स्वतःचंच बोलणं त्याच्या कानात राहिलं.

ऑफिसच्या कामाचं एक बरं होतं. पाच वाजले की सुटका. पूर्वी तो घरी यायचा तेव्हा स्वयंपाक तयार असायचा. तो तयार होताना कसा दिसतो, हे इतक्या वर्षांत त्यानं पाहिलंच नव्हतं. त्या दिवशी तो भाजी चिरायला म्हणून ओट्यापाशी उभा राहिला. बायकोनं तांदळाच्या डब्यात हात घातला, मूठ भरून पातेल्यात सोडली आणि ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटली. दुसरी मूठ, पुन्हा पुटपुटली.

"काय गं म्हणतेस?"

"कुठे काय?"

"म्हणालीस. आत्ता म्हणालीस."

ती लाजली. "अंदाज असतो तो हाताला. मोठीची, मधलीची, धाकट्याची, आईंची, तुमची, माझी."

त्याच्या हातातलं गाजर तसंच राहिलं.

मोठी लेक लग्न करून सातासमुद्रापार. मधली नोकरीच्या गावी, तिला सणकीसारखी महिन्यातून एकदा आईची आठवण यायची. धाकटा बोटीवर, त्याचा पत्ता म्हणजे पाणी. आणि आई, म्हणजे त्याची आई, जाऊन तीन वर्षं झाली होती. घरात माणसं दोन, पातेल्यात मुठी सहा. आणि आईनं आयुष्यभर शिकवलेला एकच धडा: अन्न टाकायचं नाही. आई गेली, धडा राहिला. बायको चिमणीएवढं खाऊन उठायची आणि हा इमानेइतबारे पातेलं पुसून काढायचा.

"अगं," तो ओरडलाच, "म्हणजे मी पोरांच्या मुठी खात होतो! धाकट्याची खात होतो, मोठीची खात होतो... अगं, मी माझ्या आईची मूठसुद्धा खात होतो!" आणि तो पोट धरून हसायला लागला. धरायला पोट भरपूर होतं.

ती हसली नाही. पातेल्यात बघत राहिली.

"एकदा दोनच घातल्या होत्या," ती म्हणाली. "आई गेल्या त्याच्या दुसऱ्या महिन्यात. तळसुद्धा झाकला गेला नाही हो. पातेलं नुसतं आ वासून बघत होतं माझ्याकडे. पुन्हा नाही घातल्या."

त्याचं हसू विरलं. मग त्यानं जे येतं ते केलं. स्टूल घेतलं आणि माळ्यावर चढला. स्टूल करकरलं, ती "अहो, सांभाळा" म्हणाली, आणि वरून बरीच धूळ आणि एक छोटं पातेलं खाली आलं. एका बाजूला पोचा पडलेलं. लग्नानंतर पहिल्या खोलीत, एका स्टोव्हवर, याच पातेल्यात दोघांचा स्वयंपाक व्हायचा. मोठीचा जन्म झाल्यावर ते माळ्यावर गेलं होतं.

"हे पुरायचं की आपल्याला," तो म्हणाला.

"उरायचंसुद्धा," ती म्हणाली. तिनं ते घासायला घेतलं. बराच वेळ घासत होती.

त्या दिवसापासून लढाई बेताबेतानं सुरू झाली. ताटात अर्ध्यात भाज्या आल्या, भात एका कोपऱ्यात गेला. पहिले काही दिवस तो कोपरा त्याच्याकडे केविलवाणा बघायचा. चहातली साखर तिनं इतकी हळू कमी केली, की एकदा दुसऱ्याच्या घरचा चहा पिऊन तो म्हणाला, "हे सरबत कशाला दिलं?" चालायला वेगळा वेळ नको म्हणून तो ऑफिसचे पाच मजले जिन्यानं चढायला लागला. लोक घाबरले. "लिफ्टवालाच जिन्यानं चाललाय," तिसऱ्या मजल्यावरचे वकील म्हणाले, "म्हणजे लिफ्टचं काही खरं नाही." दोन दिवस अख्खी इमारत जिन्यानं चालली.

मधे एक वेळ अशी आली की काटा हलेना. आठवडे गेले तरी ढिम्म. त्यानं काट्याला लाथ मारली, काट्यानं अंगठा सुजवला. "अडकलीय," बायको म्हणाली, "पडली नाहीये. अडकलेल्या लिफ्टला तुम्ही लाथ मारता का?" तो लंगडत ताटावर बसला आणि कोपऱ्यातला भात सावकाश चावत राहिला. पुढच्या महिन्यात पट्ट्याला आतल्या बाजूला नवं भोक पाडावं लागलं. ते रेडिओनं पाडलं, सगळ्या खात्यासमोर, खिळा आणि हातोडी घेऊन, भाषणासकट. "मित्रहो, दाभण बारीक होतेय!"

तिचेही गुडघे आता कमी बोलायचे. तिच्यासाठी कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पण एकदा लाँड्रीतून येताना ती जिना न थांबता चढली आणि वर उभी राहून म्हणाली, "या की लवकर!" तो मागे होता.

तपासणी नेमकी आजींच्याच इमारतीत निघाली. साहेब आले, तपासणीचे दोन अधिकारी आले, आणि खबर लागल्यावर आजीही आल्या. छत्री घेऊन. माणसं आत घेऊन लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे मुद्दाम थांबवायची होती. साहेब म्हणाले, "आजी, तुम्ही बाहेर थांबा."

"का म्हणून?" आजी आत शिरल्या. "मागच्या वेळी मी अर्धाच माणूस बघितलाय. बाकीचा राहिलाय."

टपावर अंधार होता, ग्रीसचा ओळखीचा वास होता, आणि भिंतीशी तटून उभे दोर होते. इतक्या महिन्यांनी तो तिथे उभा राहिला आणि त्यानं एका दोरावर नुसता तळवा ठेवला. रेडिओ शेजारी होता आणि पहिल्यांदाच गप्प होता.

"बोल की काहीतरी," तो म्हणाला.

"उतरा दादा," रेडिओ म्हणाला. एवढंच.

त्यानं पाय सोडले. खाली आजींना बूट दिसले. पोटऱ्या, गुडघे, मांड्या. मग पट्टा झडपेच्या काठाशी आला, बक्कल पत्र्याला खर्रकन घासलं, आणि सगळ्यांनी श्वास रोखला. त्यानं रोखला नाही. सावकाश सोडला. पोट आलं, छाती आली, दोन्ही हात आले, आणि शेवटी घामानं डबडबलेलं, कान लाल झालेलं, हसणारं डोकं आलं. बूट फरशीला टेकले.

"आले बाई सगळे!" आजी म्हणाल्या आणि त्यांनी छत्री दोनदा जमिनीवर आपटली. वर टपावर रेडिओ लागला तो थांबेचना. "सुई! सुई रे! ओवून काढली!" विहिरीत त्याचा आवाज वरपासून खालपर्यंत घुमत गेला. अधिकाऱ्यांपैकी एकाला टाळ्या वाजवाव्यात की नाही कळेना, तरी त्यानं वाजवल्या. साहेबांनी खिशातून तिकोनी किल्ली काढली. "काका, ही घ्या. कमरेला जागा झालीय आता."

घरी येताना त्यानं किल्ली पट्ट्याला न लावता हातातच धरली होती. दारातूनच ती बायकोला दाखवली. तिनं काही विचारलं नाही, ओले हात तसेच त्याच्या दोन्ही गालांवर ठेवले. इतक्या वर्षांत असं तिनं दिवसाउजेडी कधी केलं नव्हतं.

"आज तरी एक मूठ जास्तीची घाल," तो म्हणाला. "आनंदाचा दिवस आहे."

"कुणाची घालू?"

त्यानं जरा विचार केला. "नको. ज्याची त्याला खाऊ दे."

ती डब्याकडे वळली. हाताची सवय काही गेली नव्हती, जाणारही नव्हती. ती सहाच्या सहा मुठी भरायची, फक्त चार पातेल्यात पडायच्या नाहीत. तो दोन ताटं घेऊन उभा होता आणि ऐकत होता. मोठीची, आणि तांदूळ डब्यात परत पडले. मधलीची. धाकट्याची. चौथी, आईंची मूठ उघडायला तिनं नेहमीसारखाच थोडा वेळ लावला. तांदूळ पडायचा आवाज पुरता थांबला, तेव्हा त्यानं ताटं मांडली.