सुलटे आटे

वेल्डिंगच्या गॅसनळीचा पितळी नट बोटांत गार होता, आणि फिरतच नव्हता. उकंडरावांनी पान्हा लावून जोर केला... तीस वर्षं ॲसिटिलीनच्या सिलिंडरवर हा हात असाच फिरला होता, त्या सिलिंडरचे आटेच उलटे —

"मामाजी, उलटं फिरवून राह्यले तुमी. आरगॉन गॅसचे आटे सुलटे असतात."

"मले शिकवू नको."

सून. पुष्पांजली. आयटीआय शिकून आलेली. तिच्या हातचा सांधा बघायला सुलतानपुरात लोक थांबतात म्हणे, थांबोत मेले. तिनं वेल्डिंग मशीनला हातातल्या नव्या रिमोटची वाटोळी पिन बसवली, खटका ओढला आणि मान वर न करताच म्हणाली, "आता मशीनवरचं बटन चालनार नाही. करंट इथूनच."

ते बटन! दोन वर्षं ती पाण्याच्या स्टील टाकीच्या पोटात शिरून वेल्डिंग करायची आणि मशीनपाशी हे उभे. आतून हाक यायची — 'मामाजी, वाढवा', 'मामाजी, कमी करा'. पहिल्या हाकेला त्यांनी कधी बटनाला हात लावला नाही, दुसरीला लावत. तेवढं तरी तिला थांबावं लागे... या घरात माझ्यासाठी दुसरं कोण थांबतं? आता करंट तिच्या मुठीत, आणि माझ्या हातात हा एक नट.

सुलटा फिरवल्यावर नट बसत आला. अर्धा आटा ढिला ठेवला तर? गॅस वाटेतच गळेल, तापल्या स्टीलला हवा लागेल, सांधा काळाठिक्कर, भोकंच भोकं. ही टाकी ज्याची, तो शेगावचा लॉजवाला ती परत आणून आदळेल तिच्यापुढं, लोकांदेखत. या विचारानं त्यांना बरं वाटलं, अगदी मनापासून बरं वाटलं. त्यांनी पान्हा काढला. पुन्हा लावला. हात — मेला तीस वर्षांचा हात — कच्चं काम ठेवीना; त्यानं नट आवळूनच टाकला.

पुष्पांजली गळती तपासायला वाटीत साबणाचा फेस घेऊन आली. मशीनकडचं टोक तिनं स्वतः जोडलं होतं. तिथं नाही, फक्त या नटावर तिनं ब्रश फिरवला.

"काऊन? भरोसा नाही?"

"नाही," ती म्हणाली. "पहिली हाक तुमाले दोन वर्षं आयकू येत होती, मामाजी."

तिनं गॅस सोडला. फेस हलला नाही. उकंडराव वाकून बघतच राहिले — एक बुडबुडा यावा, एकच... म्हणजे ही माझ्यावर ओरडेल तरी. ती तोंडावर वेल्डिंगची काच ओढून टाकीत शिरली.