रविवारचा वेढा

दिनानाथने मुलीला शाळेतून काढलं तेव्हा सगळ्या सोसायटीने त्याला वेड्यात काढलं, आणि खरं सांगायचं तर सोसायटीचं फारसं चुकलं नव्हतं. मुंबईची नोकरी सोडून तो वसईच्या फ्लॅटमध्ये दहा वर्षांच्या रेवाला शिकवत बसला होता. इतिहास वाचायचा नाही, अंगावर घ्यायचा, हा त्याचा हट्ट. मिठाचा सत्याग्रह शिकवायला त्याने बायको-मुलीला मिठागरावर नेलं. तिघांनी मूठमूठ मीठ उचललं आणि अटकेची वाट बघत उभे राहिले. राखणदार भला माणूस, त्याने पिशवी भरून दिली.

त्या रविवारी वसईच्या किल्ल्याची पाळी होती. सतराशे एकोणचाळीसचा वेढा. पोर्तुगीज व्हायला कोणीच राजी नसतं, म्हणून ते काम आपसूक घरातल्या बायकांच्या गळ्यात पडलं. सुमनने, म्हणजे त्याच्या बायकोने, जेवणाचे डबे उचलले, पाण्याच्या बाटल्या उचलल्या, लेकीचा हात धरला आणि ती बुरूज चढून गेली. वेढ्यात अन्नपाणी किल्ल्याच्या आत असतं, हे दिनानाथला पुठ्ठ्याची तलवार उपसल्यावर आठवलं.

थोड्याच वेळात वरून घावन आणि लसणीच्या चटणीचा वास आला.

"शरण या," तो खालून म्हणाला.

"जेवून येतो," सुमन म्हणाली.

जेवणं झाली, दुपार कलली, तरी कोणी उतरेना. भुकेने दिनानाथच्या डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले. मग बुरुजाच्या कडेला रेवाचं डोकं दिसलं.

"बाबा, आम्ही तह करायला तयार आहोत. हत्यारं घेऊन, नगारा वाजवत, मानाने बाहेर जाणार."

दिनानाथला भरून आलं. तह अगदी असाच झाला होता, आणि पोरीने तो बरोबर ध्यानात ठेवला होता. "मंजूर," तो म्हणाला.

"आणि उद्यापासून मी शाळेत जाणार."

रेवा शाळेत गेली तर सकाळी उठून करायचं काय, हा प्रश्न तो वर्षभर चुकवत होता. ऑफिसात त्याचं कोणी ऐकत नसे. ही एकच पोर होती, जी त्याचं बोलणं मान वर करून ऐकायची.

"मी मॅडमशी बोलून ठेवलंय," सुमन वरून म्हणाली. "उद्या पहिला दिवस."

"पोर्तुगीजांनी असली अट घातली नव्हती."

"त्यांना तू शिकवत नव्हतास," रेवा म्हणाली.

दिनानाथने तह मोडला आणि चाल केली. पायऱ्या वरून टाकलेल्या केळ्याच्या सालींनी भरल्या होत्या. तिसऱ्या पायरीवर मराठा सैन्य बसतं झालं.

एवढ्यात एरॉल आला. हा लग्नाआधीचे फोटो काढणारा, आणि नवरा-नवरीला घेऊन मघापासून याच बुरुजासाठी ताटकळत होता. "अंकल, अजून किती वेळ? लाईट चाललीय."

"वेढा आहे. महिनोन्‌महिने चालतो."

एरॉलने पिशवीतून फोटोसाठी आणलेली भगव्या धुराची दोन नळकांडी काढून त्याच्या हातात दिली. बुरुजाखाली सुरुंग पेरल्याशिवाय वसई पडली नव्हती, हे आठवून दिनानाथचा चेहरा उजळला. त्याने दोन्ही एकदम पेटवली. वारा खाडीचा, त्याला इतिहासाशी काय घेणं? सगळा धूर दिनानाथच्याच नाकातोंडात गेला.

खोकून खोकून तो खाली बसला. धूर विरला तेव्हा समोर रेवा उभी होती, पाण्याची बाटली घेऊन.

"बाबा, मला तुझा कंटाळा नाही आला," ती म्हणाली. "पण सगळ्या लढाया मी आणि आईच हरतो. वर्गात निदान चाळीस जणं असतील."

त्याने पाणी प्यायलं, तोंड पुसलं आणि मान हलवली. "मंजूर."

ठरल्याप्रमाणे फौज मानाने बाहेर पडली. पुढे रेवा रिकामा डबा चमच्याने बडवत, मागे पिशवी खांद्याला लावून सुमन. नवरा-नवरीने अदबीने वाट दिली. विजेता बुरूज चढला. वर चटणीचे डाग होते, बाकी कोणी नव्हतं. डब्याचा आवाज झाडांआड लांब लांब जात होता, आणि दिनानाथला रडू फुटलं.

"अंकल," एरॉल खालून हळूच म्हणाला, "जिंकलात ना तुम्ही? मग उतरा की. फोटोत येताय."

शत्रू तह करून गेला की त्याचा पाठलाग करायचा नसतो. दिनानाथने हे स्वतः शिकवलं होतं. तरी तो सालींवरून घसरत, पडत-उठत पायऱ्या उतरला आणि डब्याच्या आवाजामागे पळत सुटला. उद्या शाळा किती वाजता सुटते, एवढंच त्याला विचारायचं होतं.