बाईंचा आवाज बसला तेव्हा

आठवीला इतिहास शिकवणाऱ्या बाईंचा आवाज म्हणजे शाळेची दुसरी घंटाच. त्या खालच्या वर्गात तहाची कलमं सांगू लागल्या की वरच्या मजल्यावरच्या पोरांचीही ती पाठ होत. त्याच आवाजाच्या जोरावर त्यांनी इतकी वर्षं वर्ग मुठीत ठेवला होता. आणि एके सकाळी, ऐन धड्यात, तो फाटला आणि बसलाच.

डॉक्टरांनी घसा तपासला. "स्वरतंतूंवर गाठ आलीये. साधीच आहे, पण महिनाभर तोंडाला कुलूप. कुजबुजायचंसुद्धा नाही."

"आमच्या घराला ही शांतता झेपायची नाही हो," नवरा म्हणाला खरा, पण त्याचाही चेहरा उतरला होता.

मुख्याध्यापिकांनी रजा देऊ केली. बदली शिक्षक वर्गाला उत्तरं उतरवून देणार होते. ते बाईंना पटेना. आठवीची पोरं आत्ता कुठे प्रश्न विचारायला लागली होती. डोळ्यांतलं पाणी दिसू नये म्हणून त्या ग्रंथालयात शिरल्या. त्या वेळी तिथे चिटपाखरू नसे.

फक्त ग्रंथपाल सर पुस्तकाला कव्हर घालत होते. बाईंनी हातातल्या पाटीवर सगळं लिहून दाखवलं. सरांनी वाचलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "रजा कशाला? वर्ग इकडे आणा. काय शिकवायचं ते तुम्ही ठरवा, बोलायचं काम माझं."

मुख्याध्यापिकांनी नाइलाजाने आठवडाभराची मुदत दिली.

पहिला तास पार फसला. विषय होता गावातला जुना पूल. सर बोलायला लागले ते थांबेचनात. पुलावरून गाडी कागदाच्या शोधावर गेली, तिथून छापखान्यावर. मागच्या बाकावर चिमटे काढणं सुरू झालं. बाई नुसत्याच टेबलावर हात आपटत राहिल्या. तास संपल्यावर त्यांनी रागारागाने लिहिलं, "सर, उत्तरं देऊ नका! प्रश्न विचारा!"

सर ओशाळले. "खरंय. कपाटाजवळ कुणी फिरकत नाही ना, मग एक माणूस सापडला की मी सगळं त्याच्या गळ्यात मारतो." मग म्हणाले, "पण बाई, तुमचंही एक सांगू? तुम्ही सगळ्यांना एकाच पुस्तकातलं एकच पान देता. मग मुलं शोधणार काय, कप्पाळ?"

बाईंनी पाटी उचलली, पण काहीच न लिहिता खाली ठेवली. बोलता आलं असतं तर त्या नक्की भांडल्या असत्या. मग दोघांनी मिळून कपाटं उपसली. एका पुस्तकात पूल महापुराने पडला होता, दुसऱ्यात कच्च्या दगडाने. शाळेच्या जुन्या स्मरणिकेत पुलाचा एक फोटोही निघाला.

पुढच्या तासाला सरांनी एवढंच विचारलं, "यातलं खोटं कोण बोलतंय?"

झालं! वर्गात दोन तट पडले. एरवी तोंडातून शब्द न काढणारी एक मुलगी चक्क खुर्चीवर उभी राहिली. "सर, फोटो बघा ना! पाणी कमानीखालीच आहे, तरी तडा गेलाय!"

"फोटो पूर ओसरल्यावरचा असेल!" पलीकडून कुणीतरी ओरडलं.

तेवढ्यात दारात मुख्याध्यापिका! ग्रंथालयात एवढा गोंगाट? बाई घाईघाईने उठल्या. आता रजा ठरलेलीच. मुख्याध्यापिकांनी एकदा सगळीकडे नजर फिरवली, फोटो हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला. मग एक खुर्ची ओढून बसल्या.

"तारीख कुठे छापलीये का रे?" त्यांनी विचारलं.

चार डोकी एकदम फोटोवर वाकली. बाईंनी इतका मोठा सुस्कारा सोडला, की सरांनी वळून ओठांवर बोट ठेवलं. रजेचं नाव पुन्हा निघालं नाही.

महिन्याने डॉक्टर म्हणाले, "गाठ विरली. बोला आता, पण बेताने." बाई तडक ग्रंथालयात आल्या. आवाज जरा घोगरा निघाला.

"सर, पुढचा धडा कारखान्यांचा."

"म्हणजे आता वर्ग परत नेणार तुम्ही," सर कपाटाकडे बघत म्हणाले.

"छे हो! ओरडून ओरडून घसा कोण फाडून घेणार? दर बुधवारी इकडेच येणार आम्ही." बाई खुर्चीत टेकल्या. कितीतरी दिवसांनी त्यांचे खांदे सैल पडले होते. "फक्त कागदाचा शोध लावत बसू नका."

सर खो-खो हसले आणि कारखान्यांच्या पुस्तकांसाठी शिडी आणायला उठले.