लक्ष दिल्याची माफी

“शेटजींच्या वर्तनावर तुम्ही अ‍ॅनिमॅडव्हर्शन केलंत,” हेडमास्तर म्हणाले. “शारदोत्सवात सगळ्यांसमोर माफी मागा. नाहीतर मार्चनंतर तुमची नोकरी मला वाचवता येणार नाही.”

सुभद्रा परुळेकर उभीच होती. साल एकोणीसशे एकोणसाठ. वेंगुर्ल्याच्या त्या शाळेत ती इंग्रजी शिकवायची, अजून कायम झालेली नव्हती, आणि घरी आई नि धाकटी बहीण तिच्याच पगारावर होत्या. शाळेचे चालक भिकाजीशेट काजूचे व्यापारी. गोदाम भरलं म्हणून त्यांनी आठवीच्या मुलींच्या वर्गात काजूची पोती रचली आणि मुलींना पडवीत बसवलं. झड आली की वह्यांसकट मुली भिजायच्या. दोघींना घरच्यांनी शाळेतून काढलंसुद्धा. हे सगळं सुभद्रा पालकांच्या सभेत शेटजींच्या तोंडावर बोलली होती.

हेडमास्तरांना जड इंग्रजी शब्दांची भारी हौस. सुभद्रेने त्यांच्याच खोलीतल्या कपाटातला जाडा कोश काढला. टीका, ठपका, हा अर्थ होताच. खाली मूळही दिलं होतं. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ नुसता मन तिकडे वळवणं, लक्ष देणं. पुढे रोमच्या न्यायाधीशाने कुणाकडे लक्ष दिलं की त्याला शिक्षाच व्हायची, आणि इंग्रजीत येईपर्यंत त्या बिचाऱ्या शब्दापाशी ठपका तेवढा उरला. भल्या मनाने पुढे आलेल्या माणसाचीही गावात हीच गत होते.

“मुली भिजतात तिकडे माझं मन वळलं, सर,” ती म्हणाली. “त्याची माफी कशी मागू?”

हेडमास्तर माणूस वाईट नव्हता. त्यांनी कोश उचलून परत कपाटात ठेवला.

शारदोत्सवात गाऱ्हाणं घालायचं काम शिपाई धोंडूचं. एकाने देवीपुढे सगळ्यांच्या वतीने मागणं मांडायचं आणि जमलेल्यांनी प्रत्येक वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं, ही इथली रीत. सुभद्रेने त्याला गाठून मुलींचंही मागणं घालायला सांगितलं. धोंडू घाबरला.

“बाई, माजी नोकरी जायत.”

“देवीक सांगल्यार कोणाची जाता रे?”

त्याने मान डोलावली खरी, पण तिला त्याचा होकार काही पक्का वाटला नाही.

उत्सवाच्या दिवशी मूर्तीसमोर सगळी शाळा उभी राहिली. पुढे भिकाजीशेट, हातात नारळ, डोळे मिटलेले. धोंडूने सुरुवात केली. लेकरांना बुद्धी दे, व्हय म्हाराजा. पाऊसपाणी सांभाळ, व्हय म्हाराजा. मग त्याची नजर शेटजींवर गेली आणि तो गप्प झाला. हेडमास्तरांनी माफीसाठी सुभद्रेला खूण केली. ती पुढे आली, देवीला हात जोडले आणि धोंडूचं गाऱ्हाणं तिथूनच उचललं. बाईमाणसाने गाऱ्हाणं घातलेलं तिथे कुणी ऐकलं नव्हतं.

“आई शारदे, आठवीची चेडवां पडवेर भिजतत, म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” शाळा म्हणाली. जिभेला सवयच तशी.

“तेंच्या वर्गात काजूची पोती आसत. ती भायर काढूची बुद्धी दी, म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.” सगळ्यांत खणखणीत आवाज भिकाजीशेटचा होता. मग त्यांनी डोळे उघडले.

नारळ हातात धरून देवीला दिलेला होकार मोडायची छाती तळकोकणात कुणाची नाही, व्यापाऱ्याचीसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी पोती हलली. काढलेल्या दोघी मुली परत आल्या. सुभद्रेशी मात्र शेटजी पुन्हा बोलले नाहीत, आणि मार्चमध्ये तिची नोकरी संपल्याचं हेडमास्तरांनी मान खाली घालून सांगितलं. अजूनही माफीचे दोन शब्द बोललात तर बघतो, असंही म्हणाले. ती नाही म्हणाली. आतून तिला रडू येत होतं, पुढच्या महिन्याची चूल दिसत होती, पण नाहीच म्हणाली.

शेवटचा तास आठवीवर होता. पोत्यांतल्या काजूच्या टरफलांतून गळलेल्या तेलाचे काळे डाग फरशीवर तसेच होते. त्यांच्यावर बाकं मांडून मुली बसल्या होत्या, कोरड्या. बातमी त्यांनाही कळली होती. पुढच्या बाकावरची आनंदी नावाची मुलगी डोळे पुसत होती. सुभद्रेने खडू घेतला, फळ्यावर तारीख घातली.

“रडाचा नाय गो,” ती म्हणाली. “हंय लक्ष दिया.”

आणि तिने नेहमीच्या आवाजात धडा सुरू केला.