काळीची धार

बादली भिंतीवर आदळली आणि गोठ्याच्या दारात उभा असलेला दूधवाला हसला. काळी गायीनं त्याच्या बायकोला आज पुन्हा लाथ घातली होती.

"पाठव लेकीला कॉलेजात," तो म्हणाला, "आणि बस लाथा खात."

बायको पोटरी चोळत उठली. तिची पोटरी काळीनिळी पडली होती, पण त्याच्यासमोर हूं की चूं करायचं नाही असं तिनं ठरवलं होतं.

लेकीला शहरातल्या कॉलेजात जागा मिळाली, वसतिगृहही मिळालं, तेव्हापासून हा माणूस धुमसत होता. सरळ नाही म्हणायचीही सोय नव्हती. पास झाली तर पाठवीन, असं चारचौघांत छाती फुगवून बोलून बसला होता ना! मग त्यानं अट काढली. सगळ्यात जास्त दूध काळीचं, आणि ती लेकीशिवाय कुणाला कासेला हात लावू देत नाही, हे साऱ्या गल्लीला ठाऊक. काळीनं दुसऱ्या हाताला धार दिली तर लेक जाईल, नाही तर घरीच राहील.

इतरांच्या घरी पोरींच्या ट्रंका भरणं चाललं होतं. इथं आईनं लेकीला खूप काही शिकवायचं योजलं होतं. चादरी धुवायच्या कशा, ताप आला तर एकटीनं दवाखान्यात जाऊन बोलायचं कसं. ते सगळं राहिलं बाजूला आणि लेकच आईला शिकवत बसली, बोटं कुठं धरायची, दाबायचं किती. आईनं लेकीचा स्वेटर घातला, तिच्या साबणानं हात धुतले, तिच्यासारखं गुणगुणून पाहिलं. काळी पान्हा चोरायची ती चोरायचीच. आणि नवरा रोज काठी टेकून दारात हजर. गाय उधळली तर धरायला कुणी नको का, म्हणे.

एरवी फजिती बघून झाली की तो निघून जायचा आणि मग लेक धार काढायची. आज मात्र हलेना. चारच दिवस राहिले होते, त्याला मजा वाटत होती. कास तटतटलेली बघून लेक मुकाट्यानं खाली बसली. तिनं हात लावला मात्र, काळीनं कान मागं टाकले आणि लेकीच्या गुडघ्यावर लाथ हाणली.

बायकोनं गायीकडं पाहिलं, मग काठीकडं. पहाटे लेक धार काढायची तेव्हा हा बाबा पाण्याच्या पंपावर कॅन घासत असायचा. दोन वर्षांत त्यानं लेकीला काळीखाली बसलेलं कधी पाहिलंच नव्हतं. आणि काळी नवी आली तेव्हा याच काठीनं त्यानं तिला फोडून काढली होती. इतके दिवस सगळे लेकीच्या हाताचं कौतुक करत बसले. आपण तरी किती खुळ्या, असं तिच्या मनात आलं आणि तिचं डोकंच फिरलं.

"बाहेर व्हा," ती नवऱ्याला म्हणाली. "काठी घेऊन. पोरी, तूही जा."

"माझ्या गोठ्यातून मलाच?"

तिनं त्याच्या तोंडावर दार लोटून कडी घातली. स्वेटर काढून फेकला आणि घामेजल्या हातांनीच काळीखाली बसली. जरा वेळानं बादलीत धार वाजली. ती रडत होती, पण हात थांबले नाहीत.

दार उघडून तिनं भरली बादली त्याच्या पायाशी ठेवली. लेकीनं काढली म्हणायलाही जागा नव्हती, लेक त्याच्याशेजारीच उभी होती.

"सोमवारी मी तिला पोचवायला जाणार," ती म्हणाली.

"आणि त्या दिवशीची धार?"

"तुम्ही काढायची. चार दिवस आहेत. काठी चुलीत घाला आणि काळीला वैरण तुमच्या हातानं टाका."

तो बडबडत, शिव्या देत निघून गेला. काठी मात्र त्या दिवसापासून दिसली नाही.

सोमवारी संध्याकाळी ती परतली तर गोठ्यात नवरा बसलेला. अंगात लेकीचा स्वेटर, बाह्या कोपरापर्यंतच आलेल्या, मांडीवर खुराचा ठसा. बादलीत कपभर दूध असेल नसेल. त्यानं मान वर केली नाही.

"पोचली का?"

"पोचली," ती म्हणाली. "उद्या पुन्हा बसा."