कुचेरांच्या तळघरातला हीट पंप

सून घरात येऊन बारा वर्षं झाली, तरी सासूला विचारायची सवय तिला लागू नये, याला काय म्हणावं? हिल्डेगार्दाबाई कुचेरा हे गाऱ्हाणं बेकरीच्या रांगेत मांडायच्या, चर्चच्या पायऱ्यांवर मांडायच्या, आणि ऐकायला कोणी नसलं तर बटाटे सोलताना त्या बटाट्यांपुढे मांडायच्या.

"मारिओलानं माझी भट्टी भंगारात काढली! चाळीस वर्षं पेटवलेली भट्टी! आणि त्या जागी आणलं काय? फ्रीज! घर तापवायला तळघरात फ्रीज उभा केलाय बाईनं!"

तो हीट पंप होता, विजेवर घर उबदार ठेवणारं यंत्र. दिसायला खरंच उंच पांढऱ्या फ्रीजसारखा, आणि त्याचा पंखा बाहेर अंगणात. अर्धे पैसे सरकारी अनुदानाचे, उरलेले मारिओलाचे. इस्पितळाच्या स्वयंपाकघरात तीन वर्षं रविवारच्या पाळ्या करून तिनं ते साठवले होते. लेकीसाठी, किंगासाठी. नऊ वर्षांची पोर दर हिवाळ्यात खोकून खोकून निळी पडायची, आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की हा धुराचा खोकला आहे.

हिल्डेगार्दाबाईंना ते पटायचं नाही. त्यांचा नवरा विल्हेल्म एकोणतीस वर्षं रिब्निकच्या कोळशाच्या खाणीत उतरला. दर शरदात खाणीचा ट्रक दारात कोळसा ओतून जायचा आणि बाई स्वतः फावड्यानं तो तळघरात लोटायच्या. कोळशानं पोट भरलं, कोळशानं हे घर उभं राहिलं. आणि आता कोण कुठली नदीपलीकडून आलेली मुलगी त्याच कोळशाला घाण म्हणणार?

"नदीपलीकडच्यांना चूल कधी कळलीच नाही," त्या म्हणायच्या. "रेडिएटरला हात लावला तर चटका बसायला हवा. हा नुसता कोमट, विसरलेल्या चहासारखा."

"आई, तो कोमटच असतो," मारिओला सांगायची. "तसाच चालतो तो."

"मग माझ्या पाठीला सांग तसं!"

डिसेंबर गेला, जानेवारी गेला. आणि फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी दोन महिन्यांचं विजेचं बिल आलं. मुलानं, रायमुंडनं, ते पाकीट उघडलं आणि तो उभ्याचा खाली बसला. एवढ्या पैशांत अडीच टन कोळसा आला असता!

"बास झालं," तो म्हणाला. "शनिवारी माणूस बोलावतो. पंप विकायचा, कोळशाची भट्टी आणायची. अनुदान परत करावं लागलं तरी चालेल."

मारिओलानं वाद घातला नाही. टेबल पुसता पुसता ती खाली मान घालून म्हणाली, "आई, तुम्ही म्हणत होता तसंच झालं. माझं चुकलं."

बायांनो, सून असं म्हणाली की सासूला पेढे वाटावेसे वाटायला हवेत की नाही? हिल्डेगार्दाबाईंनाही वाटलं असतं. पण मारिओलानं ते फडकं एकाच जागी इतका वेळ घासलं की बाईंना बघवेना. त्या उगाच जाऊन कोबी चिरत बसल्या.

शुक्रवारी धुराडी साफ करणारा एरिक गाव्लिक आला. काळा पोशाख, सोनेरी बटणं. तो दिसला की शकुन म्हणून आपलं एखादं बटण धरायचं, ही तिथली रीत. हिल्डेगार्दाबाईंनी स्वेटरचं बटण घट्ट धरलं आणि मगच दार उघडलं. भट्टी गेली तरी हवेची भोकं वर्षातून एकदा तपासावी लागतात, म्हणून तो आला होता.

"या गाव्लिक, या. उद्यापासून तुमचा धंदा परत सुरू. भट्टी येतेय."

"का हो?" त्यानं शिडी भिंतीला टेकवली. बाईंनी बिलाचा आकडा सांगितला. म्हाताऱ्याच्या भुवया वर गेल्या.

"एवढं? भिंतींना बाहेरून ऊब धरून ठेवणारा जाड थर दिलाय, खिडक्या नव्या आहेत. एवढं येता कामा नये."

"तेच म्हणते मी! आणि मी किती जपून वापरते! रोज झोपण्याआधी स्वतः खाली जाऊन बंद करते. माणसं पांघरुणात असताना भट्टी कशाला चालवायची? पहाटे पाचला उठते, चालू करते आणि आकडा पार वर नेऊन ठेवते, म्हणजे पटकन तापेल. मग खिडक्या सताड उघडून पिसांच्या दुलया वाळत टाकते. राणीसाहेब उठतात तेव्हा घर पुन्हा गरम! तिला पत्ताही नाही!"

गाव्लिकचा चष्मा पुसणारा हात थांबला. "हे कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून!" बाईंनी छाती पुढे काढली.

तो तळघरात गेला, पंपाच्या पडद्यावर बोटं दाबत बसला. बाई पायरीवर कमरेवर हात ठेवून उभ्या.

"इकडे या, हिल्डेगार्दा. याच्या पोटात एक कांडी आहे, पाणी तापवायच्या गीझरात असते तशी. पंप बिचारा सावकाश काम करतो, दिवसरात्र. बाहेरच्या हवेतली ऊब उचलून आणतो, त्याला वीज थोडी लागते. पण घर थंड पडू दिलं आणि पहाटे 'आत्ताच्या आत्ता तापव' म्हणून मानगूट धरली, की त्याला एकट्याला ते झेपत नाही. मग ही कांडी पेटते. वीज खाते ती हीच, अधाशासारखी. दोन महिने रोज पहाटे पेटलीय. हे बघा, इथं तास मोजलेले आहेत."

बाईंनी बघितलं. मग त्या पायरीवर बसल्या.

"म्हणजे ते बिल... माझं होतं!"

"तुम्ही त्याला भट्टीसारखं वागवलंत. भट्टी रात्री विझवायची, पहाटे पेटवायची. तुमच्या हातांना तेवढंच ठाऊक."

"कोळशानं मला पोसलंय, गाव्लिक. त्याला मी नाव ठेवणार नाही."

"कोण ठेवायला सांगतंय? मलाही त्यानंच पोसलं. पण विल्हेल्म एकोणतीस वर्षं कशासाठी खाली उतरला? घरातली माणसं उबेत राहावीत म्हणून. पोरीनं खोकावं म्हणून नाही! एक्केचाळीस वर्षं या गल्लीच्या धुराड्यांतून मी जे खरवडून काढलं, ते किंगाच्या छातीत बसत होतं. दुसऱ्यांचा धूर अजून आहे, मान्य. पण तुमच्या घरचा थांबलाय. या हिवाळ्यात किती रात्री उठलात तिच्यासाठी?"

बाईंनी आठवून बघितलं. दोनदा. गेल्या वर्षी मोजायचंच सोडून दिलं होतं.

"हे तुम्ही सांगणार त्यांना?" त्यांनी हळूच विचारलं.

"माझं काम भोकं तपासायचं," गाव्लिक म्हणाला आणि शिडी उचलून निघाला.

चूक कळायला एक घटका पुरते हो. ती चारचौघांत बोलून दाखवायला मात्र छाती लागते. हिल्डेगार्दाबाईंनी त्या संध्याकाळी तीनदा तोंड उघडलं आणि तिन्ही वेळा मीठ मागितलं. पण रात्री त्या तळघरात गेल्या नाहीत.

शनिवारी भट्टीवाला मोजपट्टी घेऊन आला. रायमुंड त्याला खाली नेऊ लागला. मारिओला त्यांच्याकडे न बघता खिडकीकडे तोंड करून उभी होती. आणि हिल्डेगार्दाबाई तळघराच्या जिन्याच्या तोंडाशी जाऊन वाट अडवून उभ्या राहिल्या, दरवाजाच्या दोन्ही बाजूंना हात लावून.

"आई, बाजूला हो," रायमुंड म्हणाला.

"होत नाही! रोज पंप मी बंद करत होते आणि पहाटे पार वर चढवत होते. बिल माझ्यामुळं आलंय. काल रात्रभर चालू ठेवला, आणि तुमच्यापैकी कोणी थंडीनं मेलेलं दिसत नाही. अहो, तुम्ही मोजपट्टी गुंडाळा. तसदी झाली, केक खाऊन जा."

भट्टीवाला रायमुंडकडे बघत राहिला, रायमुंड आईकडे. "ओमा, म्हणजे चोर तूच?" किंगानं आजीला विचारलं, आणि पहिल्यांदा हसली ती मारिओला. हसता हसता तिचे डोळे भरले.

हिल्डेगार्दाबाईंनी हात खाली घेतले, सुनेसमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या:

"मारिओला, तुझं काही चुकलं नाही. चुकले मी. नवीन वस्तू दारात आणली आणि जुन्या हातानं हाकली, की तिचा खर्च असाच दुप्पट होतो. मग लोक त्या वस्तूला शिव्या घालतात. एक गोष्ट मात्र तुझ्या पदरात घालते. ही म्हातारी तीन इयत्ता शिकलेली, तिला काय कळणार, असं धरून तू मला एकदाही खाली नेऊन ते यंत्र दाखवलं नाहीस. पुन्हा असं करू नकोस. चल आता, कोणतं बटण कशाचं ते नीट सांग, आणि सावकाश सांग, मला घाई नाही."